स्टॉकमध्ये दिसतंय, रॅकवर नाही! ऑनलाइन दुकानाचा माल कसा सांभाळायचा?

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग खास त्यांच्यासाठी, ज्यांनी ऑनलाइन छोटंसं दुकान उघडलंय किंवा उघडायचं डोक्यात घोळतंय. नेहमीप्रमाणे बोललेलं थोडं नीट करून इथे लिहून ठेवतेय. ऐकताना आकडे सुटतात, वाचताना सापडतात.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते. मी आणि माझा आत्येभाऊ मिळून कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकतो. दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. वेबसाइटवर आठ नंबरची कापशी 'शिल्लक ३' दाखवत होती. रात्रीत तीन ऑर्डरी आल्या, मी खूश! सकाळी रॅक बघते तर रिकामा. भावाने तेच तीन जोड आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर विकले होते, आणि साइटवरचा आकडा कमी करायचा राहून गेला होता. कारागीर काकांना फोन केला, ते म्हणाले पंधरा दिवस तरी लागतील. त्या तिघांपैकी एक जोड नवरदेवासाठी होता आणि लग्न आठवड्यावर आलं होतं. पैसे लगेच परत केले, पण नवरदेवाच्या ताईचा मेसेज अजून लक्षात आहे. नाही म्हणाला असतात, तर दुसरीकडून घेतली असती.

त्या दिवशी कळलं की स्क्रीनवरचा आकडा म्हणजे आपण ग्राहकाला दिलेला शब्द असतो. इन्व्हेंटरी सांभाळायची म्हणजे तो शब्द खरा ठेवायचा. कसा? सांगते.

पहिली गोष्ट : प्रत्येक नगाला स्वतःची ओळख

'आपल्याकडे दोनशे जोड आहेत' या वाक्याला काही अर्थ नाही. कुठले दोनशे? आमच्याकडे चार डिझाइन, दोन रंग आणि सहा ते अकरा असे सहा नंबर आहेत. गुणाकार करा : ४ × २ × ६ = ४८. म्हणजे चार नाही, अठ्ठेचाळीस वेगवेगळ्या वस्तू! यातल्या प्रत्येकीला एक छोटा कोड द्यायचा. त्याला एसकेयू म्हणतात. कापशी, तपकिरी, आठ नंबर म्हणजे 'काप-तप-०८'. हाच कोड खोक्यावर, हाच शीटमध्ये, हाच वेबसाइटवर. दोघांनी दोन नावं वापरली की घोळ झालाच म्हणून समजा.

दुसरी गोष्ट : वही एकच

वेबसाइट, इन्स्टा, व्हॉट्सअॅप, शिवाय घरी येऊन नेणारी शेजारची काकू. विक्री कुठूनही होऊ दे, आकडा एकाच ठिकाणी कमी झाला पाहिजे. सुरुवातीला गूगल शीटही पुरते, फक्त नियम कडक हवा : आधी नोंद, मग पॅकिंग. आम्ही आता व्हॉट्सअॅपची ऑर्डरसुद्धा वेबसाइटमध्येच टाकतो, म्हणजे आकडा आपोआप उतरतो.

वूकॉमर्स वापरत असाल तर 'होल्ड स्टॉक' ही सेटिंग बघा. कुणी ऑर्डर टाकली आणि पैसे भरलेच नाहीत, तर ठरलेली मिनिटं तो माल त्याच्या नावावर अडकून राहतो, मग ऑर्डर रद्द होऊन माल मोकळा होतो. ही वेळ मुळात ६० मिनिटं असते. सणाच्या गर्दीत ती कमी करता येते.

तिसरी गोष्ट : संपल्यावर नाही, संपायच्या आधी मागवा

पण किती आधी? इथे थोडं गणित आहे, घाबरू नका.

कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, पुढे कापणं, ठोकणं, शिवणं हातानं. त्यामुळे 'उद्या पाठवा' म्हणून चालत नाही. समजा, आठ नंबरचा रोज सरासरी एक जोड जातो आणि नवा माल यायला पंधरा दिवस लागतात. म्हणजे १ × १५ = १५ जोड तर वाट बघण्यातच जाणार.

आता वाईटात वाईट दिवस धरा. सणात रोज दोन जोड गेले आणि माल यायला वीस दिवस लागले, तर २ × २० = ४० जोड. चाळीसातून पंधरा वजा केले की उरले २५. हा आपला राखीव साठा, सेफ्टी स्टॉक. १५ आणि २५ मिळून ४०. शिल्लक चाळीसवर आली की त्याच दिवशी काकांना फोन!

आता गंमत बघा. वूकॉमर्समध्ये कमी स्टॉकचा इशारा मुळात २ नगांवर लावलेला असतो. दोन जोड उरल्यावर मेल येणार आणि माल पंधरा दिवसांनी! हा आकडा प्रत्येक वस्तूसाठी वेगळा भरता येतो. तो भरा.

चौथी गोष्ट : जास्त मालही मारतो

हे गणित बघून सगळ्याच नंबरांचे चाळीस जोड भरून ठेवू नका. मी तेही करून बसलेय. अकरा नंबर महिन्याला एखादा जातो, आणि मी एकदम वीस घेतले. नऊशे रुपये जोडाप्रमाणे अठरा हजार रुपये रॅकवर झोपले. त्यात पावसाळा आला. दमट हवेत चामड्याला बुरशी लागते. काही जोड पुसून, सुकवून निम्म्या किमतीत काढावे लागले. म्हणून हळू जाणारा माल थोडाच ठेवा, आणि आधी आलेला आधी विका. नवी खोकी मागे, जुनी पुढे.

पाचवी गोष्ट : हाताने मोजा

आकडा कितीही नीट ठेवला तरी घसरतोच. मोठं कारण म्हणजे परत येणारा माल. कॅश ऑन डिलिव्हरीत ग्राहकाने पार्सल घेतलं नाही की ते आपल्याकडे परत येतं, त्याला आरटीओ म्हणतात. (गाडी पासिंगचं ऑफिस नव्हे हां!) परतीच्या वाटेवरचा जोड शिल्लकमध्ये धरू नका. हातात आला, तळ तपासला, विकण्याजोगा आहे, मगच आकडा वाढवा.

आम्ही दर रविवारी सगळा रॅक मोजत नाही, फक्त आठ एसकेयू मोजतो. अठ्ठेचाळीस भागिले आठ, सहा आठवड्यांत सगळं दुकान एकदा मोजून होतं. जास्त खपणारे नंबर मात्र दर रविवारी.

तर आज एवढंच करा. तुमच्या दुकानातली सगळ्यात जास्त खपणारी एक वस्तू घ्या, फोनवरचा आकडा बघा, आणि उठून रॅकवर मोजा. जुळला तर उत्तम. नाही जुळला, तर कुणाच्या तरी लग्नाआधी कळलं हे बरं झालं!

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, मोजत राहा!