तारपा रंगमंचावर, भात शेतात

दसरा-दिवाळीच्या सुमारास ठाणे, कल्याण, डोंबिवलीत नाचगाण्याचे कार्यक्रम रंगतात. शहरी पोरापोरींच्या नव्या पद्धतीच्या नृत्याबरोबर अधूनमधून एखादे वारली तारपा पथकही बोलावले जाते. गावाला मान मिळतो, चार पैसे मिळतात. चांगलेच आहे. पण नेमके तेच दिवस आपल्या भातकापणीचे. अडचण इथेच येते.

तारपा हा मुळात शेतीचाच नाच. भात तयार होऊ लागले की फेर सुरू होतो. वाद्यसुद्धा रानाशिवारातले: सुकवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधायला मधमाशीचे मेण. वाजवणारा फुंक तुटू देत नाही आणि नाचणारा तारप्याकडे पाठ करीत नाही. जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे ज्येष्ठ तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा ही कला काही स्वस्तातली नाही.

नाट्यगृहात प्रेक्षक एकाच बाजूला बसतात. मग आयोजक सांगतात, फेर मोडा, रांगेत या, दहा मिनिटांत आटपा. पथकाने आधीच बजावावे, की फेर मोडणार नाही. जमत असेल तर कार्यक्रम मैदानात घ्या आणि लोकांना भोवताली बसवा.

आता शेतीचे. हळवे भात दसऱ्याच्या आसपास कापणीला येते, गरवे दिवाळीच्या पुढेमागे. लोंबीतले बहुतेक दाणे पिवळे झाले की विळा लावावा. आठवडाभर लांबवले तर दाणा शेतातच झडतो, भरडताना कणी जास्त पडते. पथकातली दहा-पंधरा माणसे दोन दिवस बाहेर गेली तर तेवढ्या घरांची कापणी अडते. म्हणून तारीख ठरवण्याआधी शेत बघा. कापणी उरकली असेल तरच होकार द्या, नाहीतर गावाने सावड करून त्यांचे भात आधी काढून द्यावे.

सरपंच, ग्रामसेवकांना विनंती: आयोजकाकडून मानधन, प्रवास, जेवण आणि रात्रीच्या परतीच्या गाडीची सोय लेखी घ्या. बुडालेला रोज मानधनात धरायला सांगा. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले आणि त्याच वर्षी वारल्यांनी सावकार-जमीनदारांची वेठ नाकारली. आता नुसत्या हारतुऱ्यावर कुणी नाचायला नेत असेल, तर तीही वेठच म्हणायची.

शेवटी एक सोपे काम. तारप्याला लागतो तो भोपळा कोवळा तोडून चालत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला परसात दोन वेल लावा. चांगल्या आकाराची फळे वेलावरच पक्की होऊ द्या, मग सावलीत सुकवा. आतले बी राखेत घोळून पुढच्या सालासाठी ठेवा आणि शेजाऱ्यालाही द्या. भोपळा आणायला बाजारात जावे लागले, की तारपा गावातून गेलाच समजा.