शहाऐंशी दात

दापोली-हर्णै रस्त्याला लागून एक पत्र्याची शेड आहे. दारात दोन उघड्या पडलेल्या मोटारसायकली, एक पॉवर वीडर आणि भिंतीला टेकवलेले ग्रासकटर. मे सरत आला की इथे नंबर लावावा लागतो. पाऊस पडायच्या आत घरावर आलेल्या फांद्या सगळ्यांनाच उतरवायच्या असतात. २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ वादळाने अर्धी वाडी आडवी केली, तेव्हा कोयता आणि करवतीने आम्ही वाट मोकळी करत बसलो होतो. त्यानंतर गावात लाकूड कापायचे चेनवाले कटर आले. माझाही त्यातलाच: ५८ सीसी, २२ इंची, स्वस्तातला चिनी.

तो मी बाकड्यावर ठेवतो. शेजारी पिशवीतली कोरी चेन.

“काय होतंय, काका?”

“चालू होतो. पण रेस दिली की बसतो आणि सोडली की बंद.”

मिस्त्री कटर उचलून कार्बोरेटरच्या बाजूला डोळा लावतो. “स्क्रू फिरवलेत.”

हा प्रश्न नसतो. मी मान डोलावतो. दोन दिवस मी तेच करतोय, थोडा इकडे, थोडा तिकडे.

तो मात्र स्क्रूला हातच लावत नाही. आधी एअर फिल्टर काढून झटकतो. मग प्लग. प्लगचं टोक पांढरट पडलेलं. “पेट्रोल कमी, हवा जास्त. असाच ओढला असतात तर पिस्टन चिकटला असता.” तारेचा आकडा टाकीत घालून तो आतला फिल्टर बाहेर ओढतो, नळी बोटांत वाकवून चीर आहे का बघतो. नळी ठीक आहे.

आता कार्बोरेटर हातात येतो. काडेपेटीहून थोडा मोठा. मोटारसायकलच्या कार्बोरेटरला खाली वाटी असते, तीत फ्लोट तरंगतो. कटर आडवा, उलटा, कसाही धरावा लागतो, म्हणून इथे वाटी नाही, रबरी पडदा आहे. चार स्क्रू काढून मिस्त्री तो पडदा माझ्यापुढे धरतो. नखाने दाबला की खुटकन आवाज येतो. शिळ्या पापडासारखा झालाय.

“मागच्या पावसाळ्यात पेट्रोल आतच होतं ना?”

होतं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. कोकणात ओलीला काय तोटा! “ठेवताना टाकी रिकामी करायची आणि कटर आपणहून बंद पडेपर्यंत चालवायचा,” तो सांगतो. हे मला विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

पाकिटातून नवा पडदा, सुई, गॅस्केट निघतं. जाळीवर हवेचा फवारा. सगळं परत बसतं. मग कुठे स्क्रू. ‘एल’ आणि ‘एच’ हलकेच आत टेकेपर्यंत, जोर न लावता, आणि तिथून एकेक फेरा बाहेर. लिटरला चाळीस मिली टू-टी ऑइल घातलेलं ताजं पेट्रोल टाकीत. जुनीच चेन लावून तो दोरी ओढतो. तिसऱ्या ओढीला कटर धरतो.

दोन-तीन मिनिटं तापू देतो. मग मान तिरकी. ‘एल’ थोडा आत, थोडा बाहेर, रेस दिल्यावर अडखळ जाईपर्यंत. तिसऱ्या स्क्रूने आयडलिंग इतकं उतरवतो की चेन जागच्या जागी थांबते. ‘एच’ला सगळ्यात जास्त वेळ. पूर्ण रेसवर आवाज तीक्ष्ण झाला की लगेच स्क्रू बाहेर घेतो. रिकाम्यावर कटर घसा खाकरल्यासारखा वाजतो. मला वाटतं, बिघडला. तो कोपऱ्यातल्या जांभळाच्या ओंडक्यावर पट्टी टेकवतो आणि लाकडात शिरताच आवाज मोकळा होतो.

“असाच पाहिजे. रिकाम्यावर गोड वाजतो तो लवकर मरतो.”

आता चेन. मी पिशवीतली पुढे करतो. “बावीस इंचीच आहे.”

तो हसतो. कप्प्यातून व्हर्नियर काढून कोऱ्या चेनचे ओळीने तीन रिव्हेट मापतो: १९ मिलिमीटर. जुन्या चेनचे तेच तीन: साडेसोळा. “ह्याचं निम्मं म्हणजे पिच. तुमची ०.३२५ इंच, ही तीन-अष्टमांश. स्प्रॉकेटवर बसणारच नाही.” पिचमधला फरक दीड मिलिमीटरही नाही. दुकानात मी इंच सांगितले, दुकानदाराने इंच दिले. दोघांनीही चेन मोजली नाही.

पट्टीच्या बुडाशी चिकट भुसा आहे. अंगठ्याने पुसल्यावर आकडे दिसतात. पट्टीच्या खोबणीची रुंदी ०.०५८. राहिला तिसरा आकडा. तो जुनी चेन खिळ्याला अडकवतो आणि खोबणीत उतरणारे दात मोजायला बसतो, दर दहाला खडूचा ठिपका. बाहेर कुणीतरी ग्रासकटरची तार मागतंय. तो मान वर करत नाही. शहाऐंशी.

रिळावरून तेवढी चेन तोडून, टोकं जोडून, रिव्हेट ठोकून तो ती पट्टीवर चढवतो आणि बोटाने ओढून ताण बघतो. जुनी फेकू नका म्हणतो, ४.८ मिलिमीटरच्या गोल कानशीने धार निघेल.

माझी कोरी चेन पिशवीतच राहते. दुकानदार ती परत घेईल असं दिसत नाही. निघताना मिस्त्री ऑइलपेंटच्या डबीत काडी बुडवतो आणि कटरच्या झाकणावर आतून लिहितो: ०.३२५, ०.०५८, ८६.