पिलं आणायची, पण कुठून?



गेल्या एप्रिलमध्ये आपल्या वर्गातल्या तीन घरांनी मिळून कोंबडीची १० पिलं आणली. आठवड्याभरात ४ दगावली. उरलेल्या ६ पैकी ३ मोठी होऊन पहाटे आरवू लागली आणि शेजारी वैतागले. मुलं रडली ती वेगळीच. चूक आमची होती. पिलं कुठून येतात याची आम्ही चौकशीच केली नव्हती. यंदा ती केली, म्हणून हा लेख.

आधी जातीविषयी. काही कोंबड्या फक्त अंड्यांसाठी पाळतात, काही फक्त मांसासाठी. जी अंडीही बरी देते आणि अंगानेही भरते, ती दुहेरी उपयोगाची. अशा दोन नामांकित जाती आपल्या परिसरातल्याच आहेत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची प्लिमथ रॉक १८६९ साली आपल्या तळ्यापलीकडच्या वूस्टरमध्ये प्रदर्शनात मांडली गेली. तांबडी ऱ्होड आयलंड रेड शेजारच्या राज्यातली. १९५४ पासून ती तिथला राज्यपक्षी आहे. महाराष्ट्रातही ती 'आर. आय. आर.' या नावाने पाळतात. सुट्टीत गावी गेलात की आजोबांना विचारून पाहा.

आता हॅचरी, म्हणजे अंडी उबवणी केंद्र. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत.

१. रोगतपासणी झाली आहे का? पुलोरम हा रोग आजारी कोंबडीकडून अंड्यातूनच पिलाला होतो. मग आपण कितीही ऊब दिली तरी पिलू जगेलच असं नाही. हा रोग हटवण्यासाठी अमेरिकेत १९३५ साली राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना सुरू झाली. तिच्यात सामील असलेल्या हॅचरीला क्रमांक मिळतो. तो मागून घ्यावा आणि राज्याच्या शेती खात्याकडे खरा आहे का ते विचारावं. क्रमांक सांगायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिलं घेऊ नयेत.

२. मॅरेक रोगाची लस देता का? ती पहिल्याच दिवशी, हॅचरीतच दिलेली चांगली.

३. पिलं कशी पाठवता? अंड्यातून बाहेर येण्यापूर्वी पिलू उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेतं. त्यावर ते सुमारे तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरतं. म्हणूनच १९१८ पासून इथे पिलं टपालाने येतात! पण थंडीत उशीर झाला तर ती गारठतात. वाटेत मेली तर भरपाई कोण देणार, हे आधीच विचारावं.

४. नर किती येतील? 'सरसकट' पिलं घेतली तर साधारण निम्मे नर निघतात. फक्त तलंगा मागितल्या तरी ओळखण्यात थोडी चूक होतेच. काही ठिकाणी खोक्यात ऊब राहावी म्हणून जादा नर पिलंही घालतात. ती नकोत, असं स्पष्ट सांगावं.

यावर वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "मग नको असलेल्या नरांचं काय होतं?" आम्ही खरं तेच सांगितलं. अंड्यांच्या जातींचे बहुतेक नर पहिल्याच दिवशी मारले जातात. दुहेरी उपयोगाच्या जातीत नर निदान मांसासाठी वाढवता येतो. आपल्यातली काही घरं शाकाहारी आहेत. त्यांनी कोंबडा कोणाकडे द्यायचा, हे पिलं मागवण्याआधीच ठरवावं. कोंबड्या पाळण्याचे नियमही टाऊन हॉलमध्ये विचारून घ्यावेत.

आणि मुलांनो, पिलांना हात लावला की साबणाने हात धुवा. त्यांचे पापे घेऊ नका! पाच वर्षांच्या आतल्या भावंडांनी फक्त लांबून बघायचं.

या अंकातले नवे शब्द
तलंग : अजून अंडी न देणारी तरुण कोंबडी
खुडूक : अंडी उबवायला बसलेली कोंबडी
खुराडं : कोंबड्यांचं घर