वळणांत शिरण्यापूर्वीं

करमाळा तालुक्यांतील केम हें गांव आमच्या वाचकभगिनींस कुंकवामुळें परिचित आहे. त्याच केमच्या स्टेशनावरून मुंबई–चेन्नई लोहमार्ग जातो. आणि मार्गाच्या दुसऱ्या टोकाशीं, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें, मोटारसायकलींच्या शर्यतींची धांवपट्टी आहे. एखाद्या मुलानें तेथें जाण्याची इच्छा घरीं बोलून दाखविली, कीं आई वेगाचा धसका घेते. तो अस्थानीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु आमच्या मतें सरळ पट्टीवरील वेगापेक्षां वळणाचें तोंड अधिक घातक.

५० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं ४० किलोमीटर वेगाला गाडी सुमारें १४ अंश कलावी लागते; वेग ६० झाला, कीं तोच कल ३० अंशांच्या घरांत जातो. वेग दीडपट, पण टायरवरील आडवा ताण सव्वादोनपट! नवशिका स्वार वळणांत शिरल्यावर दचकतो, ब्रेक आंवळतो आणि पट्टीच्या कडेकडे टक लावून पाहतो. मग गाडीहि तिकडेच जाते. सायकल शिकवितांना वडील मंडळी ‘चाकाकडे पाहूं नको’ म्हणून ओरडत, त्यांतलें मर्म हेंच.

म्हणून वेगाचा निर्णय वळणाआधींच झाला पाहिजे. गाडी सरळ उभी असतां ब्रेकचा मुख्य जोर लावावा, गिअर उतरवावा, आणि नजर वळणांतून बाहेर पडण्याच्या वाटेकडे न्यावी. डावीकडे कलावयाचें तर हँडलाची डावी मूठ किंचित् पुढें ढकलावी. ऐकावयास विलक्षण वाटतें, पण वेगांतली दुचाकी अशीच कलते. ब्रेक सोडावयाचा तोहि हलके हलके. एकदम सोडल्यास पुढचा भाग उसळतो व गाडी ठरलेल्या रेघेवरून ढळते.

धीर एका दिवसांत येत नाहीं. ब्रेक लावण्याची एकच खूण ठरवावी, प्रथम बरीच अलीकडची. हात आपोआप सैल राहूं लागले म्हणजे ती थोडी पुढें सरकवावी. पहिल्या फेऱ्यांत टायर गार असतात, तेव्हां तर घाई नकोच.

बाहेरून आंत व आंतून बाहेर ही पट्टीवरची रेघ मात्र गांवच्या रस्त्यावर कधींहि आणूं नये. पट्टीवर समोरून कोणी येत नाहीं. येथें उसानें लादलेली ट्रॉली येते.