सागरतळींचें धन कोणाचें ?

शेत नांगरतांना मोहोरांचा हंडा लागला तर तो कोणाचा, हा प्रश्न आम्हां खानदेशांतील लोकांस नवा नाहीं. १८७८ च्या गुप्तधनाच्या कायद्यानें त्याचा निवाडा ठरवून दिला. दहा रुपयांहून अधिक मोलाचें धन सांपडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावयाची. जुना धनी पुढें न आल्यास सामान्यतः तीन चतुर्थांश शोधणाराचे व एक चतुर्थांश जमीनमालकाचा. सरकारला तें हवें असेल, तर त्यानें धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश द्यावा. परंतु समुद्राच्या तळाला सातबाराचा उतारा नसतो. तेथें बुडालेल्या जहाजांतील धन कोणाचें, याचाच आज आपण विचार करूं.

हा वाद आपल्या इतिहासांतही येऊन गेला आहे. १६७४ सालीं शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्सेंडन हा इंग्रज वकील रायगडावर आला होता. आमचें गलबत तुमच्या किनाऱ्यावर फुटलें तर त्यांतील माल आम्हांस परत मिळावा, अशी इंग्रजांची मागणी होती. त्यावर महाराजांच्या बाजूनें हरकत आली कीं, असा माल परत देणें हा कोंकणचा रिवाज नव्हे. शिवाय एकास ही सवलत दिली कीं फ्रेंच व वलंदेजही तीच मागतील. मूळ धन्याचा हक्क एकीकडे आणि किनाऱ्याच्या राजाचा हक्क दुसरीकडे, असा हा सामना होता. आतां त्यांत तिसरा हक्कदार आला आहे. तो म्हणजे यंत्रांच्या साहाय्यानें खोल समुद्रांतून धन वर काढणारी कंपनी.

गिरसप्पाच्या धबधब्याचें नांव धारण करणारें ‘गेरसप्पा’ हें जहाज १९४० च्या डिसेंबरांत कलकत्त्याहून चांदी, चहा व लोखंड घेऊन विलायतेस निघालें. १९४१ च्या फेब्रुवारींत आयर्लंडच्या नैर्ऋत्येस जर्मन पाणबुडीनें तें बुडविलें. ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्यांत बहुतेक हिंदी खलाशी होते. वांचला तो एकच अधिकारी. पुढें २०१२ व २०१३ सालीं ओडिसी नांवाच्या अमेरिकन कंपनीनें जवळजवळ तीन मैल खोलीवरून सुमारें ११० टन चांदी वर काढली. विम्याची भरपाई ब्रिटिश सरकारनें दिलेली असल्यामुळें मालकी त्याची ठरली. करारान्वयें खर्च वजा जातां उरलेल्या मोलाचे ८० टक्के कंपनीस मिळावयाचे होते.

कोणी म्हणेल, लाभ नसेल तर इतक्या खोल जाईल कोण ? हें म्हणणें रास्त आहे. चांदीच्या विटा एकसारख्या असतात. त्या विकल्यानें इतिहासाचें कांहीं बिघडत नाहीं. पण त्याच जहाजांत टपालाच्या थैल्याही होत्या, आणि सत्तर वर्षें पाण्याखालीं राहूनही शेंकडों पत्रें टिकलीं. त्यांची किंमत सराफाच्या तराजूंत कशी करावी ?

याच कंपनीची दुसरी हकीकत पाहा. १८०४ सालीं बुडालेल्या ‘मर्सेदिस’ या स्पॅनिश युद्धनौकेंतून तिनें २००७ सालीं सुमारें १७ टन नाणीं काढलीं. युद्धनौका बुडाली तरी तिच्यावरील राष्ट्राचा हक्क बुडत नाहीं, या तत्त्वावर अमेरिकन न्यायालयांनीं निकाल दिला, आणि २०१२ सालीं तें सर्व धन स्पेनला परत गेलें. ज्या पेरू देशांत त्यांतील पुष्कळ नाणीं पाडलीं गेलीं, त्यानेंही हक्क सांगितला होता. परंतु तो मान्य झाला नाहीं. कायद्यानें वाद मिटला, तरी चांदी खणणारांचें काय, हा प्रश्न उरलाच.

आतां गोव्याकडे वळूं. तेथील सुंची खडकावर सतराव्या शतकांतील एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनीं अभ्यासिले. तेथें तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, हस्तिदंत व पाणघोड्याचे दांत मिळाले. बाजारांत या वस्तूंना सोन्याचें मोल नाहीं. पण आफ्रिका, हिंदुस्थान व चीन एका व्यापारांत कसे गुंफले होते, हें त्या सांगतात. मात्र कोणती वस्तू कोठें पडली होती, हें टिपून ठेवलें तरच. लोभानें उपसलेलें जहाज म्हणजे पानें फाडून विकलेली बखर होय.

म्हणून माझें मत असें. ज्याचा धनी वा वारस हयात आहे, तें धन त्याचें. काढणारास भरपूर मेहनताना द्यावा. ज्यास शंभर वर्षें लोटलीं, तें कोणाचेंच खासगी धन मानूं नये. किनाऱ्याच्या राष्ट्रानें विश्वस्त म्हणून तें जतन करावें, आणि मूळ देशांना त्याच्या अभ्यासांत व प्रदर्शनांत वांटा द्यावा. युनेस्कोच्या २००१ च्या करारानेंही शतकाहून जुन्या अशा ठेव्याचा व्यापार निषिद्ध मानला आहे. शोधणारास बक्षीस व मान मिळावा, वस्तू नव्हे.

आणि एक ध्यानांत असावें. ‘गेरसप्पा’च्या चांदीचा हिशेब झाला, वांटणी झाली, त्या खलाशांच्या वांट्यास मात्र समुद्रच आला. बुडालेलें जहाज हें आधीं कोणाचें तरी थडगें असतें, आणि मग खजिना. हा क्रम उलटा होऊं न देणें, एवढें तरी सर्व हक्कदारांनीं पाळलें पाहिजे.