झोपाळ्याची फळी आणि घरातला बार

गेली चाळीस वर्षे मी लाकडाच्या धंद्यात आहे. या चाळीस वर्षांत देव्हारे केले, पाळणे केले, चौरंगांपासून वकिलांच्या टेबलांपर्यंत सारे काही केले. पण अलीकडे दहा-पंधरा वर्षांत एक निराळीच मागणी कानांवर येऊ लागली आहे. पलंग, कपाटे, जेवणाचे टेबल ठरवून झाले की यजमान जरा घुटमळतात, घरातले कोणी वडीलधारे आसपास नाही ना हे पाहून घेतात आणि आवाज खाली आणून म्हणतात, "आणि त्या कोपऱ्यात एक छोटासा बार बसवता येईल का हो?"

हे 'छोटासा' विशेषण प्रत्येकजण लावतो. कपाट मागताना कोणी 'छोटेसे' म्हणत नाही, उलट छतापर्यंत न्या म्हणतात!

वाचकांपैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. दिवाळीच्या अंकात हा काय विषय, असेही कोणी म्हणेल. त्यांच्या समाधानासाठी सांगतो की, प्रस्तुत लेखक स्वतः कोकमाच्या सरबतापलीकडे कधी गेलेला नाही. पण गिऱ्हाइकाच्या पेल्यात काय आहे हे पाहणे सुताराचे काम नव्हे. पेला ठेवायची जागा नीट करून देणे हे त्याचे काम. आणि ते काम वाटते तितके सोपे नाही, हे मी पुरते पोळल्यावर शिकलो आहे.

तर गेल्या वर्षी ही मागणी खुद्द माझ्या भाच्याकडून आली. त्याने ठाण्याला नवी जागा घेतली. दिवाणखाना ऐसपैस, त्याला लागून मोठी गॅलरी. मला नकाशा दाखवत तो म्हणाला, "मामा, बार तुम्हीच करून द्यायचा. लाकडाची काळजी नको. लाकूड माझ्याकडे आहे."

लाकूड म्हणजे चिपळूणच्या घरातल्या झोपाळ्याची फळी.

ही फळी मी लहानपणापासून ओळखतो. अक्काचे लग्न होऊन ती त्या घरात गेली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, आणि तिच्याकडे गेलो की मुक्काम झोपाळ्यावरच असे. सहा फूट लांब, बावीस इंच रुंद, दोन इंच जाड, आणि कुठेही सांधा नाही. एका झाडाची एक फळी. आज बावीस इंच रुंदीचे सागवान मागायला वखारीत जा, वखारवाला तुमच्याकडे कौतुकाने पाहील आणि चहा मागवील, फळी मात्र दाखवणार नाही.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला पूर आला आणि चिपळुणात पाणी शिरले, तेव्हा अक्काच्या घरात छातीभर पाणी होते. पाणी ओसरल्यावर मी तिथे पोहोचलो. नव्या पद्धतीने केलेल्या सामानाची जी अवस्था झाली होती, ती प्रत्येक सुताराने एकदा पाहायला हवी. प्लायच्या कपाटाचे पदर सुटून जुन्या वहीच्या पानांसारखे झाले होते. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पाट्यांचे चपलांचे कपाट तर फुगून, फुटून, त्याची अक्षरशः लापशी झाली होती. आणि झोपाळ्याची फळी? चिखलाने माखलेली, बस्स. दोन बादल्या पाणी ओतून धुतली आणि पडवीत सावलीला उभी केली. महिन्याने तिच्यावर गुण्या लावून पाहिला. फळी सरळच्या सरळ! जुन्या सागात अंगचे तेल असते. ते पाण्याला सहसा आत येऊ देत नाही आणि वाळवीलाही रुचत नाही. शिवाय वर्षानुवर्षे दर दिवाळीला अक्काचे सासरे त्या फळीला बेलतेल चोळत असत.

पुढे ते घर विकले. अक्का मुलाकडे राहायला आली ती देव, तांब्याचा बंब आणि ही फळी एवढेच बरोबर घेऊन.

असे लाकूड पुढ्यात आल्यावर कोणत्या सुताराच्या तोंडाला पाणी सुटणार नाही? मी लगेच आराखडा केला, फळी वर्कशॉपवर आणवली आणि कुठे कापायची तिथे पेन्सिलीची रेघही मारली. अक्काला विचारायचे माझ्या डोक्यातही आले नाही. भाच्याने विचारले असेल असे मी धरून चाललो, आणि मामाने विचारले असेल असे तो.

माझ्या डोक्यात होता तो दुसराच प्रश्न: या फळीला पॉलिश कोणते करायचे?

पंचवीस वर्षांपूर्वी दादरच्या एका गृहस्थांसाठी मी आयुष्यातला पहिला बार केला. उत्तम शिसवी लाकूड. त्यावर आमच्या पॉलिशवाल्याने आठ दिवस राबून स्पिरिट पॉलिश चढवले. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडाच्या बोळ्याने हात देत जायचे, ही आपल्याकडची जुनी आणि फार देखणी रीत. काउंटरमध्ये तोंड दिसत होते! त्यांच्याकडे पहिली बैठक शनिवारी झाली आणि रविवारी सकाळी मला फोन आला. जाऊन पाहतो तो काउंटरवर पांढरी वर्तुळे, आणि जिथे जिथे पेला कलंडला होता तिथे पॉलिश विरघळून चिकट झालेले. एका जागी तर वर्तमानपत्राची अक्षरे उलटी उमटली होती.

चूक सर्वस्वी माझी. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारणपणे शेकडा ४२.८ भाग मद्यार्क असतो, आणि स्पिरिट म्हणजे तरी दुसरे काय? ज्याने लाख लाकडावर आणली, त्यानेच ती परत नेली. पांढरी वर्तुळे बर्फाच्या पेल्यांखाली साचलेल्या पाण्याची. ते सगळे काम मी पदरच्या पैशाने पुन्हा केले. तेव्हापासून बार सांगितला की मी आधी विचारतो: इथे काय सांडणार?

सांडतात तीन गोष्टी. पाणी, मद्य आणि लिंबू. दुकानातल्या दिव्याखाली चकाकणारी प्रत्येक वस्तू या तिघांसमोर उभी करून पाहावी.

लाकडाला आता पीयू पॉलिश मिळते. त्यात दोन द्रव ऐनवेळी एकत्र करतात आणि ते लाकडावर कडक होऊन बसतात. वाळल्यावर मद्याने ते विरघळत नाही. मात्र हाताला कोरडे लागले म्हणजे झाले असे नव्हे. पुरते मुरायला आठवडाभर तरी द्यावा, आणि गृहप्रवेशाचा मुहूर्त त्याआधीचा असेल तर यजमानांना सरळ सांगावे की काउंटरवर चादर घाला. जुन्या सागाला पॉलिशपूर्वी थिनरने पुसून घ्यावे लागते, नाहीतर अंगचे तेल पॉलिशला धरू देत नाही. आणि रुंद फळी खालून घट्ट आवळून टाकू नये. पावसाळ्यात ती आडवी फुगते, उन्हाळ्यात आकसते. स्क्रूची भोके लांबट ठेवावीत, म्हणजे तिला हलायला जागा राहते; नाहीतर ती मधोमध तडकते आणि लोक सुताराला नावे ठेवतात.

दगडाच्या बाबतीत लोक हमखास फसतात ते संगमरवराला. पांढरा शुभ्र संगमरवर, वर पिवळा प्रकाश, सिनेमात असतो तसा बार! पण संगमरवर हा चुनखडीच्याच कुळातला. लिंबाची फोड त्यावर ठेवली की तिथली चकाकी जाते आणि अंधुक डाग राहतो. तो पुसून जात नाही, कारण तो डाग नव्हेच. दगडाचा वरचा थर खाल्ला गेलेला असतो. आपल्या स्वयंपाकघरांतल्या जुन्या कडप्प्याच्या ओट्यांवर जे राखाडी चट्टे दिसतात ते असेच. कडप्पाही चुनखडीचा, कोटाही. ग्रॅनाइटला लिंबाची भीती नाही. तरी दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. एक तुकडा मागून घ्यावा, त्यावर लिंबाची फोड अर्धा तास ठेवावी आणि पुसून उजेडात तिरपे पाहावे. एवढी परीक्षा पुरते.

धातूंचे थोडक्यात सांगतो. पितळेची दांडी सुरेख दिसते, पण चिंच-लिंबाने पितळ उजळते हे आपल्या घरच्या बायकांना कोणी शिकवायला नको. बारवर ते हवे तेवढ्याच जागी उजळते, आणि दांडी चट्टेरी होते. घासायची तयारी असेल तरच पितळ लावावे. सिंकसाठी स्टेनलेस स्टील ३०४ जातीचे घ्यावे. त्यात निकेल पुरेसे असते. स्वस्तातले २०२ खाडीच्या हवेत लवकर डागाळते. कित्येक दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, 'बघा, चिकटत नाही, अस्सल!' अहो, दोन्ही जातींना तो सहसा चिकटत नाही. आतल्या सांगाड्याला आय.एस. ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय, आणि त्याच्या कडा उघड्या ठेवायच्या नाहीत. पाणी शिरते ते नेहमी कडेने. बाटल्यांच्या फळ्यांचे वजनही मोजावे. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास; बारा मांडल्या की पंधरा किलो होतात.

पण मी सांगत होतो फळीची गोष्ट.

ज्या दिवशी फळी कापायची त्या सकाळी अक्का रिक्षा करून वर्कशॉपवर आली. वय एकोणऐंशी. सुनेकडून तिला कळले होते. भुशातून वाट काढत ती फळीपाशी आली आणि पेन्सिलीच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाली, "ही कुणी मारली?"

"मी."

"पूस."

मी तिला समजावू लागलो की, अक्का, लाकूड वाया जाणार नाही, उलट दिवाणखान्यात सगळ्यांच्या नजरेसमोर राहील. तिने ऐकून घेतले. मग स्टुलावर बसली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "तुला धाकटे भाऊजी आठवतात?"

आठवत होते. उंचेपुरे, गोड गळ्याचे. पुढे ते दिसेनासे झाले, एवढेच आम्हाला माहीत होते.

"शेवटची दोन वर्षे ते या फळीवर पडून असायचे. रात्री घरात घेत नसत मामंजी. पहाटे मी उठून ती धुवायची, सडा घालायच्या आधी, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसू नये म्हणून. एक दिवस धुवायला गेले तर ते गार पडलेले. तेहतीस वर्षांचे होते रे."

माझा भाचा तेव्हा चार वर्षांचा. त्याला काका तापाने गेले असे सांगितले होते, आणि तेच त्याला अजून ठाऊक होते.

"त्याने बार करावा," अक्का पुढे म्हणाली. "घर त्याचे आहे. तो आठवड्यातून एकदा घेतो हेही मला माहीत आहे. तो तसा नाही. पण त्याच्या बाटल्या या फळीवर नकोत."

मी खोडरबर आणून तिच्यादेखत रेघ पुसली. सागावरची पेन्सिल सहज जात नाही. वर थोडा काचकागद मारावा लागला.

त्या रात्री अक्काने मुलाला सगळे सांगितले. काय बोलणे झाले ते मला माहीत नाही, मी विचारलेही नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. थोडा वेळ तो गप्पच होता. मग म्हणाला, "मामा, गॅलरीत कड्या बसवता येतील का?"

स्लॅबमध्ये सळई पाहून, ठोकून, चार भक्कम हूक बसवले. फळीला पॉलिश काही केले नाही. बेलतेलाचा एक हात, दिवाळीला दुसरा.

बार झालाच. काउंटर काळ्या ग्रॅनाइटचा, लिंबाच्या परीक्षेत उतरलेला. दर्शनी बाजू सागाची, पण जुन्या वखारीतून घेतलेल्या तुळयांची, पीयू चढवलेली. उंची बेचाळीस इंच, उंच स्टुलांची बैठक तीस इंच, आणि पाय टेकायला जमिनीपासून आठ इंचांवर स्टीलची दांडी. ही दांडी खर्च वाचवण्यासाठी लोक गाळतात आणि मग पाहुणे अर्ध्या तासात मांड्या अवघडून सोफ्यावर जातात. पाठीमागचा आरसा भिंतीपासून थोडा सुटा ठेवला, कारण ओल लागली की आरशाच्या कडा काळ्या पडतात. बाटल्यांवर ऊन येणार नाही अशी भिंत निवडली. दारे बंद केली की हे सारे पुस्तकांच्या कपाटासारखे दिसते. ही सूचना सूनबाईंची. महाराष्ट्रात १९४९ सालचा दारूबंदीचा कायदा अजून लागू आहे आणि घरात मद्य बाळगायलाही परवाना लागतो. तो काढण्याचे काम मी भाच्याला काउंटर बसवण्याआधीच करायला लावले.

आतल्या बाजूला मी चौतीस इंच उंचीचा एक खालचा ओटा केला आहे. बाहेरून तो दिसत नाही. बार करणारे पुष्कळदा हा ओटा विसरतात, आणि मग बर्फ फोडणे, फळे चिरणे, पेले विसळणे हे सारे वरच्या काउंटरवर पाहुण्यांच्या नाकासमोर चालते. अक्काची उंची बेताची. बेचाळीस इंच तिला हनुवटीपर्यंत येते, चौतीस इंचाचा ओटा मात्र बरोबर हाताशी.

गेल्या मे महिन्यात मी दुपारचा न कळवता ठाण्याला गेलो. भाचा कचेरीत, सूनबाई कामावर. दार अक्काने उघडले आणि ती लगबगीने बारच्या मागे गेली. तिथे कोकमाच्या आगळाची बरणी, साखरेचा पाक, जिरेपूड आणि बर्फाची पेटी अशी सगळी मांडामांड होती. ओट्यावर आगळाचा मोठा लाल ओघळ सांडला होता. मी घाईने फडके शोधू लागलो.

"राहू दे," ती म्हणाली, "सकाळपासून तिथेच आहे. बघू या तुझा दगड."

तिने पेला भरून वर सरकवला. मी तो घेऊन गॅलरीत झोपाळ्यावर जाऊन बसलो. ती ओटा पुसून मागोमाग आली, वाकून पुसलेले फडके पाहिले आणि म्हणाली, "डाग नाही पडला."