हाडांचं न संपणारं बांधकाम

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हाडांचा एक साधा प्रयोग दाखवत होतो. कोंबडीच्या तंगडीची दोन हाडं घ्यायची आणि खरवडून स्वच्छ करायची. एक हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचं, मधूनमधून व्हिनेगर बदलायचं. दुसरं निखाऱ्यांवर पांढरं होईपर्यंत जाळायचं. व्हिनेगरमधलं हाड रबरासारखं वाकतं. जळलेल्या हाडाचा आकार तसाच राहतो, पण बोटांनी दाबलं की त्याचा चुरा होतो.

प्रयोग संपल्यावर एक बाई थांबल्या. त्यांच्या आई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यानंतर त्या कधी स्वतःच्या पायांनी अंगणात आल्या नाहीत. ‘‘मी आता ५२ वर्षांची आहे. दोन वर्षं कॅल्शियमच्या गोळ्या घेते आहे. एवढं पुरेल ना, सर?’’ त्यांनी विचारलं. या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देणं आम्हाला जमलं नाही. हा लेख म्हणजे ते सविस्तर उत्तर आहे.

कुडाची भिंत

सुरुवात त्या दोन हाडांपासूनच करू. व्हिनेगरमधल्या आम्लाने हाडातले कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार विरघळले आणि मागे राहिले कोलॅजेन या प्रथिनाचे तंतू. आगीने उलट केलं. तंतू जळाले आणि क्षार उरले. कोकणातली कुडाची भिंत आठवा. नुसत्या कामट्या लवतात, नुसती वाळलेली माती फुटते. दोन्ही मिळून भिंत उभी राहते. म्हणजे हाडाला कॅल्शियमइतकीच प्रथिनांचीही गरज आहे. उतारवयात जेवण चहा-बिस्किटावर येतं, तेव्हा कामट्याच कमी पडू लागतात.

पण कुडाची भिंत आणि हाड यांत एक मोठा फरक आहे. हाड जिवंत असतं. त्यात जुना भाग पोखरून काढणाऱ्या पेशी असतात आणि त्या जागी नवं हाड भरणाऱ्या पेशीही असतात. त्यांना आपण ‘पाडणाऱ्या’ आणि ‘बांधणाऱ्या’ पेशी म्हणू. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी असा नवा होतो. एखाद्या ठिकाणी पाडापाडीला दोन-तीन आठवडे पुरतात, पण तिथलं बांधकाम पुरं व्हायला तीन-चार महिने लागतात. घर पाडणं सोपं आणि बांधणं अवघड, हे इथेही खरंच आहे.

तरुणपणी दोघींचं काम बरोबरीने चालतं. वय वाढतं तसा प्रत्येक फेरीत थोडा खड्डा भरायचा राहून जातो. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाडणाऱ्या पेशींना आवर घालत असतं. पाळी थांबल्यावर तो आवर सुटतो आणि पुढची काही वर्षं हाडांची झीज वेगाने होते. पुरुषांची हाडंही झिजतात, पण बेताबेताने. यात दुखत काहीच नाही, त्यामुळे हाड मोडेपर्यंत बहुतेकांना पत्ता लागत नाही.

कणगीतलं धान्य

शरीरात सुमारे एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत असतं. उरलेल्या एका टक्क्यावर मात्र हृदयाचे ठोके, स्नायूंचं आकुंचन आणि मज्जातंतूंचे संदेश अवलंबून असतात. म्हणून १०० मिलिलिटर रक्तातलं कॅल्शियम ९ ते १० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवण्यासाठी शरीर काटेकोर असतं. ते जरा उतरलं, की गळ्यातल्या चार चिमुकल्या परावटू ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांच्या कणगीतून कॅल्शियम काढलं जातं. आहारातून येणं कमी असेल, तर कणगी रोज थोडी थोडी रिकामी होत राहते. रक्ततपासणीत कॅल्शियम ‘नॉर्मल’ आलं, म्हणून हाडं चांगली आहेत असं समजू नये, ते याचमुळे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. आपल्या ताटात ते कसं जुळवायचं? १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम, १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तिळात ते याहून पुष्कळ जास्त, पण तीळ आपण चमच्याने खातो. दोन कप दूध, एक वाटी दही, नाचणीची एक भाकरी आणि चमचाभर तिळाची चटणी एवढ्यात ८०० च्या आसपास मजल जाते. उरलेलं डाळी, मेथी, शेवग्याचा पाला किंवा काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे यांतून मिळतं. पालकात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते बांधून ठेवतं. दुधातलं साधारण ३० टक्के कॅल्शियम शरीरात शोषलं जातं. पालकातलं फक्त ५ टक्क्यांच्या आसपास. शिवाय मीठ जास्त खाल्लं की लघवीवाटे कॅल्शियमही जास्त जातं. लोणची-पापड बेताने खायला हे एक आणखी कारण.

कोवळं ऊन की दुपारचं?

आतड्यातून कॅल्शियम शोषलं जायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं. ते आपल्या त्वचेत तयार होतं, पण त्यासाठी सूर्यप्रकाशातले ठरावीक अतिनील किरण हवेत. सूर्य क्षितिजाजवळ असताना हे किरण वातावरणातच अडतात. म्हणजे सकाळचं कोवळं ऊन अंगाला सुखद असलं, तरी या कामाला फारसं उपयोगी नाही. वर्गात करता येण्यासारखी एक खूण आहे. मुलांना दर तासाला आपल्या सावलीची लांबी मोजू द्या. सावली उंचीपेक्षा आखूड असते, तेव्हाचं ऊन कामाचं. काचेच्या खिडकीतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत, आणि सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ ऊन लागतं. त्वचा भाजेपर्यंत मात्र कोणीच उन्हात थांबू नये.

उन्हाच्या देशात हे जीवनसत्त्व कमी पडेल हे खरं वाटत नाही. पण दिल्लीतल्या निरोगी माणसांच्या रक्ताच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बहुतेकांमध्ये ते कमी आढळलं. आपण राहतो उन्हाच्या देशात, पण दिवस काढतो छपराखाली.

गोळ्यांचं काय?

आता बाईंच्या प्रश्नाकडे येऊ. फ्रान्समधल्या वृद्धाश्रमांतल्या ३२७० स्त्रियांवरचा एक प्रयोग १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय ८४. त्यातल्या अर्ध्या जणींना रोज कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दिलं गेलं. दीड वर्षात त्यांच्यात खुब्याची हाडं मोडण्याचं प्रमाण ४३ टक्क्यांनी कमी आढळलं. याउलट अमेरिकेतल्या ३६ हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या प्रयोगात (२००६) गोळ्यांनी खुब्याची घनता जेमतेम एका टक्क्याने जास्त राहिली. हाडं मोडण्यात ठोस घट दिसली नाही. मूत्रखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २६ हजार अमेरिकन स्त्री-पुरुषांवरच्या प्रयोगात नुसत्या ‘ड’ जीवनसत्त्वानेही अस्थिभंग कमी झाले नाहीत.

हा विरोधाभास वाटतो, पण तसा नाही. आश्रमातल्या आजीबाईंना मुळात ऊनही कमी आणि कॅल्शियमही कमी मिळत होतं. रिकाम्या कणगीत धान्य ओतलं तर उपयोग होतो. भरलेल्या कणगीत ओतलेलं सांडतं. कधीकधी ते बाधतंही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदा ‘ड’ जीवनसत्त्वाची ५ लाख एककं दिली, तर त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलं (२०१०). म्हणून ६०,००० एककांच्या पुड्या शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने घेऊ नयेत. आहारात किती तूट आहे ते आधी पाहावं आणि तेवढीच डॉक्टरांच्या सल्ल्याने भरावी.

हाडांना कामाला लावा

गोळी फक्त माल पुरवते. बांधकाम सुरू करण्याचा हुकूम ती देत नाही. तो देतो भार. जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ साली मांडलं, की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. टेनिसपटूंच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट, भारच नसलेल्या अंतराळात राहणाऱ्यांच्या खुब्याची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटते. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, पण हाडांवर त्यांचा भार कमी पडतो. भराभर चालणं, जिने चढणं आणि वजन उचलणं हाडांना जास्त मानवतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात पाळी थांबलेल्या स्त्रियांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चांगली जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली; हलका व्यायाम करणाऱ्यांची एका टक्क्याने घटली. मात्र ज्यांचा मणका आधीच दबला आहे, किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडलं आहे, त्यांनी आधी घनतेची तपासणी करून घ्यावी. अशांसाठी परिणामकारक औषधं आहेत, आणि ती टाळू नयेत.

आणखी एक गोष्ट. खुबा मोडतो तो बहुधा पडल्यामुळे. न्हाणीघरातलं शेवाळ घासून काढणं, भिंतीला धरायला दांडी बसवणं, रात्री दिवा ठेवणं, मोतीबिंदूवर वेळेत शस्त्रक्रिया करणं, आणि आधाराजवळ एका पायावर उभं राहण्याचा सराव करणं, हेही हाडं जपणंच आहे.

तेव्हा बाईंना आमचं उत्तर असं : गोळी गरज असेल तर घ्या, पण तिच्यावर सगळं सोपवू नका. आणि एक गोष्ट त्यांच्याच हातातली आहे. मोठेपणीच्या हाडांचा सुमारे चौथा हिस्सा वयात येतानाच्या फक्त दोन वर्षांत जमा होतो. ती मुलं-मुली आज पाचवी ते नववीच्या वर्गांत बसली आहेत. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला दिला जातो, आणि मुली तर एरवीही मैदानाच्या कडेलाच उभ्या राहतात. पुढच्या वेळी तो तास मागायला कोणी आलं, तर बाईंनी आपल्या आईची आठवण काढावी आणि मुलींना उन्हात उड्या मारायला बाहेर न्यावं.